छापून आल्यावर दिसलेली चूक डोक्यातून जातच नाही. घरून प्रूफं बघणारे, तुम्ही काय करता?

काना_मात्रा (सातारा)
रात्री १:४५

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, या पोस्टचं शुद्धलेखन कुणी तपासायचं नाही, दिवसभर तेच केलंय.

मी गोडोलीत राहते. पुण्यात एका पेपरात पाच वर्षं होते, लग्नानंतर इकडे आले आणि २०१९ पासून घरूनच मुद्रितशोधन आणि थोडंफार संपादन करते. पुस्तकं, गौरवग्रंथ, संस्थांच्या स्मरणिका, मधेच कुणाचा पीएचडीचा प्रबंध. ऑगस्ट ते ऑक्टोबर दिवाळी अंक असतात म्हणजे तेव्हा जेवायचं पण लक्षात राहत नाही, आणि यावेळी भरीस भर म्हणजे जानेवारीत ९९वं साहित्य संमेलन आपल्याच साताऱ्यात, मग काय, ज्याला त्याला डिसेंबर संपायच्या आत पुस्तक हातात पाहिजे. एकावेळी तीन तीन पुस्तकं चालू होती.

त्यातलं एक एका निवृत्त गुरुजींचं आत्मचरित्र. २४० पानं, म्हणजे सोळा सोळा पानांचे पंधरा फॉर्म. गुरुजी ऐंशीच्या पुढचे, त्यामुळे त्यांचं सगळं लिखाण १९६२च्या नियमांच्या आधीचं, कांही, नांव, नाहीं, पानापानावर टिंबं. ती टिंबं काढता काढता माझे डोळे गेले. तीनदा वाचलं पुस्तक. आणि छापून आल्यावर मधल्या फोटोंच्या पानावर गुरुजी आणि त्यांच्या बायकोचा फोटो, खाली बायकोच्या नावाआधी सौ. च्या जागी कै. वरच्या फोटोत त्यांचे वडील होते, कै. बरोबर होतं, तेच खाली उतरलेलं. प्रकाशनाला त्या बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, मोतिया रंगाची पैठणी नेसून, आणि पुस्तक त्यांच्याच हातात.

गुरुजी मला एक शब्द बोलले नाहीत. उलट फोनवर हसले, म्हणाले "जाऊ द्या हो ताई, हिचं आयुष्य वाढलं म्हणायचं." नातवाला घेऊन ५०० प्रतींवर पांढरी पट्टी चिकटवत बसले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं असं वाटतं मला.

याला आता तीन आठवडे झाले. झोप नाही. नवीन पुस्तक आलंय, त्याचा पहिला फॉर्म दोन दिवस वाचतेय, एरवी दीड दोन तासांचं काम आहे ते. ओळ वाचली की परत मागे जाते, परत वाचते, मग वाटतं आपण वाचली पण बघितली नाही. मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर "हो, येते" एवढं पाठवायला चार वेळा तपासते. राजवाड्यावर भाजीला गेले तरी फ्लेक्स वाचत उभी राहते. अनोळखी नंबर आला की छातीत धडधडतं, वाटतं आता आणखी कुणाला तरी काहीतरी सापडलं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती फोटोंची पानं मी बघितली होती की नाही हेच मला आठवत नाहीये. शेवटच्या प्रूफाची पीडीएफ लॅपटॉपवर आहे. उघडायची हिंमत होत नाही.

घरात बोलायचं कुणाशी? नवरा म्हणतो एका अक्षराचं काय एवढं. सासूबाई वाईट नाहीत, पण त्यांच्या दृष्टीने मी घरीच असते, सिलेंडर आला, कुरिअर आलं, शेजारची किल्ली ठेवायची, सगळं माझ्याकडे. सकाळी मुलगा शाळेत गेला की चारपर्यंत तोंडातून शब्द निघत नाही कधीकधी.

प्रश्न एवढाच, की अशी चूक राहिल्यावर पुढचं काम तुम्ही हातात कसं घेता?


रोखठोक_कराड
सकाळी ७:१०

पानाला किती घेता?


काना_मात्रा
सकाळी ७:३२

२० रुपये. किती वेळा वाचायचं ते ठरलेलं नसतं, लेखकाचं समाधान होईपर्यंत.


रोखठोक_कराड
सकाळी ७:४०

म्हणजे ४८०० रुपये. तीन वाचनं, एका वाचनाचे १६००. शिवाय गुरुजींनी अजून सगळे दिले नसतील असं धरून चालतो. १६०० रुपयांत आख्खं पुस्तक वाचून वर महिनाभर झोप पण तुम्हीच घालवायची? राग मानू नका ताई, पण हा हिशोब कुणीतरी मांडायला पाहिजे होता. माझी मेव्हणी हेच करायची, सोडलं, आता शाळेत आहे आणि सुखात आहे.


काना_मात्रा
सकाळी ७:५५

निम्मे दिलेत. उरलेले मागायची लाज वाटते आता.


मिरजेचा_डीटीपीवाला
सकाळी ९:२०

ताई तुमची पोस्ट वाचून मला घाम फुटला कारण ही चूक मी केलेली असू शकते. म्हणजे तुमचं पुस्तक माझ्याकडं नव्हतं, पण असली चूक मी केल्याली हाय.

आमच्या बाजूनं काय होतं ते सांगतो. फोटोची पानं आमच्यात सगळ्यात शेवटाला बनत्यात. मजकूर फायनल झाला, तुमची सही झाली, प्रेसला फाईल जायची रात्र आली की मग लेखक पिशवीत फोटो घालून येतो. हा टाका, तो नको, ही माझी मावशी हिचा राहिला. मी तिथंच बसून ओळी टाईप करतो, मागनं लेखक नावं सांगतोय, वरची ओळ कॉपी करायची, खाली चिकटवायची, नाव बदलायचं. नाव बदलतं, मागचं तसंच राहतं. ती पानं कुणी वाचत नाही बघा. प्रूफवाल्याकडं जातच नाहीत.

दुसरं, फायनल प्रूफ हे नावालाच फायनल. त्यानंतर लेखक थेट मला फोन करतो, अमुक पानावर एक परिच्छेद वाढवायचाय. तो व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये येणार, मी तो श्रीलिपीत, म्हणजे आमच्या जुन्या फाँटात, बदलणार, त्यात रफार उडणार, र्‍य चं वेगळंच काहीतरी होणार, परिच्छेद वाढला म्हणून पुढची चार पानं सरकणार, आणि पुस्तकात नाव कुणाचं? मुद्रितशोधन अमुक अमुक. माझं नाव अक्षरजुळणी म्हणून असतंय, पण लोकं मला काय बोलत नाहीत, मी मशीन हाय असं समजतात. ते एका अर्थी बरंय.

तर पीडीएफ उघडा. त्यात फोटोची पानं असतील तर असतील, नसतील तर नसतील. न उघडता तीन आठवडे काढलाय म्हणजे कमाल केली.


गावभाग_ते_विश्रामबाग (सांगली)
सकाळी ११:०५

डीटीपीवाल्या दादांना अनुमोदन. मी इंग्लिश ॲकॅडमिक एडिटिंग करते, डॉक्टर आणि प्राध्यापक लोकांचे पेपर, बाहेरच्या एजन्सीमार्फत. काम वेगळं पण दुखणं तेच. आमच्याकडे प्रत्येक कामाला मार्क मिळतात, दोन वेळा कमी पडले की काम यायचं बंद, कारण कुणी सांगत नाही, नुसता इनबॉक्स शांत होतो. तो शांत इनबॉक्स बघून जे होतं ना पोटात ते मी इथे लिहू शकत नाही.

२०२१च्या जुलैत पूर आला तेव्हा आम्ही गावभागात राहायचो. पाणी वाढतंय, लाईट गेलेली, सासरे माळ्यावर सामान चढवतायत आणि मी लॅपटॉपची बॅटरी किती टक्के उरली ते बघतेय कारण संध्याकाळी सहाला किडनीवरचा एक पेपर द्यायचा होता. शेवटी मिरजेला नणंदेकडे गेलो, तिथे गेल्या गेल्या मी चार्जर लावला आणि पेपर पूर्ण केला. त्या दिवशी कुणी विचारलं असतं की घरातलं काय काय वाचलं तर मला सांगता आलं नसतं, पण त्या पेपरातले संदर्भ आजही सांगेन. नंतर पंधरा दिवसांनी काही कारण नसताना कांदा चिरताना रडायला लागले ते तासभर थांबलेच नाही. मग ठरवलं की बास.

मी काय बदललं ते सांगते, उपयोग होईल न होईल तुम्ही बघा. काम घ्यायच्या आधी एक मेल टाकते. किती वाचनं (दोन, तिसऱ्याचे वेगळे पैसे), कुठली पानं माझ्याकडे येणार, आणि मी शेवटचं बघितल्यावर जे काही बदलेल त्याला मी जबाबदार नाही. कव्हर, कणा, मलपृष्ठ, फोटोंच्या ओळी, हे नाव घेऊन लिहायचं, नाहीतर सगळ्यांना वाटतं पुस्तक म्हणजे पान एकपासून. अर्धे पैसे आधी. पहिल्यांदा हा मेल पाठवला तेव्हा हात थरथरत होते, वाटलं दोन क्लायंट जाणार. एक गेला. तोच होता जो नेहमी रात्री अकराला फोन करायचा.

आणि उरलेले पैसे मागायची लाज कसली? उद्यम या लहान उद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करा, ऑनलाईन होते, फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं. सूक्ष्म उद्योग म्हणून एकदा नोंद झाली की एमएसएमईचा (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा) २००६ चा कायदा लागू होतो, त्यात लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करारच नसेल तर १५ दिवस. त्यापुढे चक्रवाढ व्याज, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट. तक्रार पण ऑनलाईन करता येते. गुरुजींवर नका करू अर्थात :) पण संस्था आणि प्रकाशक जे सहा सहा महिने "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणतात त्यांना बिलाच्या खाली नुसता उद्यम नंबर दिसला तरी फरक पडतो, माझ्या बाबतीत पडला. टीडीएस कापला असेल तर तो इन्कम टॅक्सच्या साईटवर आपल्या नावावर दिसतोय का ते पण बघत जा, माझा एकदा कापला होता आणि भरलाच नव्हता.


खिळे_जुळवणारा (सांगली)
दुपारी ३:४०

मी वयाने मोठा आहे, म्हणून जरा लांबण लावतो. छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरे, जुळवण्यापासून सुरुवात केली आणि नंतर वर्तमानपत्रात प्रूफ वाचत निवृत्त झालो. एकूण ३१ वर्षे.

तुमची पोस्ट दोनदा वाचली (सवय). चुकीबद्दल सगळे बोलले. मला वेगळीच गोष्ट खटकली. तुम्ही म्हणता सकाळपासून चारपर्यंत तोंडातून शब्द निघत नाही. अहो, आमच्या वेळी प्रूफ वाचणे हे तोंडाने करायचे काम होते.

आमच्याकडे प्रूफाला दोन माणसे बसत. एकाच्या हातात मूळ हस्तलिखित, तो कॉपीहोल्डर. दुसऱ्याच्या हातात प्रूफ आणि लाल पेन. कॉपीहोल्डर मोठ्याने वाचणार, आणि नुसते शब्द नाहीत, सगळेच. "अवतरण सुरू, मी येणार नाही, स्वल्पविराम, असे ते म्हणाले, पूर्णविराम, नवा परिच्छेद." त्याला एक चाल लागायची, पोथी लावल्यासारखी. जोडशब्द, परकी नावे तो फोडून सांगे. उज्ज्वल आला की "दोन ज", महत्त्व आला की "दोन त". आकडे तर एकेक करून. आमची ही सांगायची की मी झोपेत पूर्णविराम म्हणतो.

डोळा आपल्याला फसवतो. एकदा वाचलेला मजकूर पुन्हा वाचताना तो पुढचे आधीच जाणतो आणि जे असायला हवे तेच दाखवतो. कान तेवढा फसत नाही, कारण दुसरा माणूस त्याच्या गतीने बोलतो. नंतर कॉपीहोल्डरची जागा गेली, म्हणजे पगार वाचवायला काढली, आणि संगणक आल्यावर तर मूळ प्रत आणि प्रूफ एकाच फाईलमध्ये गेले. दोन माणसांचे काम एका माणसाच्या डोळ्यांवर आले, ही गोष्ट कुणाच्या फारशी लक्षातच आली नाही. तुम्हाला वाटते आपण कमी पडलो. तुम्ही तुमच्या वाटणीचे अर्धे काम पूर्ण केलेत, उरलेल्या अर्ध्याला माणूसच नव्हता.

आता माझी चूक सांगतो. हळदीचा बाजारभाव. सांगलीत हळदीच्या भावात चूक म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचे नाही. एका ओळीतले एक शून्य गेले. सकाळी साडेसातला मार्केट यार्डातले चार जण पेपर घेऊन दारात. संपादकांनी आम्हा चौघांना ओळीने उभे केले, जुळारी, कॉपीहोल्डर, मी आणि पान लावणारा. जे बोलायचे ते बोलले. दुसऱ्या दिवशी खुलासा छापला. आणि आम्ही चौघे बाहेर टपरीवर जाऊन चहा प्यायलो, कॉपीहोल्डर म्हणाला, "एवढ्याशा शून्याला चार माणसं लागली." त्या शिव्या चौघांत वाटल्या गेल्या हो. प्रत्येकाच्या वाट्याला पावशेर आल्या. तुमच्या वाट्याला शेरभर आल्या, त्याही कुणी न देता.


रोखठोक_कराड
दुपारी ४:१५

काका मस्त लिहिलंत. पण आता कॉपीहोल्डरचा पगार कोण देणार, पानाला २० रुपयांत?


खिळे_जुळवणारा
दुपारी ४:३०

तेही खरेच.


गावभाग_ते_विश्रामबाग
दुपारी ४:५०

मी कम्प्युटरला वाचायला लावते, मजकूर बोलून दाखवायची सोय असते ना. इंग्लिशला चांगलं चालतं. मराठीचं कसं आहे माहिती नाही. पण काका म्हणतात तशी चाल नाही त्याला, आणि चहाला पण येत नाही ते.


नाव_नको (सातारा जिल्हा)
रात्री ९:३०

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही कधी. ताई, सगळ्यांनी कामाबद्दल लिहिलं आणि ते बरोबरच आहे, पण तीन आठवडे झोप नाही, "हो, येते" चार वेळा तपासणं, छातीत धडधड, हे वाचून मला माझेच दिवस आठवले. मी भाषांतर करते. मेल पाठवला की सेंट फोल्डर उघडून वाचायचे, मग अटॅचमेंट उघडायची, मग परत. रात्री दोनला उठून. मला वाटायचं मी काळजीपूर्वक काम करते, लोक कौतुकच करायचे की हिच्या कामात चूक सापडत नाही. शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनीच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. मला ओसीडी निघालं, म्हणजे तेच तेच तपासत राहण्याचा आजार. तुम्हाला तेच असेल असं मी अजिबात म्हणत नाहीये, माझं दहा वर्षांचं होतं, तुमचं एका धक्क्यानंतर सुरू झालेलं दिसतंय. पण विचारायला काय हरकत आहे.

माझ्या उपचारात गोळी होती आणि त्याबरोबर एक सराव. मेल एकदा वाचायचा, पाठवायचा, आणि परत उघडायचा नाही. जीव कासावीस होतो तो होऊ द्यायचा. पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन डब्यांवरचे कागद बदलत बसले दोन तास. पण ती लाट ओसरते, खरंच ओसरते, हे एकदा अनुभवलं की पुढचं सोपं जातं.

लगेच कुणाकडे जायला नको वाटत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा नंबर आहे, १४४१६. सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलतात. २०२२च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे तरी आपल्याकडे कितीजणांना माहिती नसतं. घरातल्यांना सांगावं लागत नाही, गच्चीवर जाऊन करा फोन.


मिरजेचा_डीटीपीवाला
रात्री १०:०५

आन पीडीएफ?


काना_मात्रा
दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी ६:२०

उघडली.

दुपारी सासूबाई झोपल्यावर, दार लावून. फोटोंची पानं त्यात नाहीत. मधे एक कोरं पान आहे आणि त्यावर लिहिलंय "येथे छायाचित्रे". आणि मेल शोधला तर त्यात एक ओळ होती, "फोटो नंतर टाकतोय मॅडम." मी त्याला "ठीक आहे" म्हणून उत्तर पण दिलेलं. म्हणजे माझ्याकडे आलीच नव्हती ती पानं.

हे कळल्यावर हायसं वाटायला पाहिजे होतं ना? नाही वाटलं. दहा मिनिटं वाटलं, मग डोकं म्हणायला लागलं की तू "ठीक आहे" का म्हणालीस, मागून घ्यायला पाहिजे होतीस. तेव्हा माझं मलाच कळलं की नाव_नको ताई म्हणतायत ते वेगळं प्रकरण आहे, चूक कुणाची हा प्रश्नच राहिला नाही. म्हणून गच्चीवर गेले आणि १४४१६ लावला. पहिल्यांदा कट झाला, दुसऱ्यांदा लागला. एक मुलगी बोलली, आवाजावरून लहान वाटली, पण तिने घाई केली नाही. झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं, मनात जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का तेही सरळ विचारलं, येत नाहीत, पण विचारलं म्हणून बरं वाटलं. सिव्हिलला ओपीडी असते तिथे जाऊन या म्हणाली. गुरुवारी जाईन. नवऱ्याला सांगितलंय, तो गप्प झाला आणि मग म्हणाला मी सुट्टी काढतो. एका अक्षराचं काय एवढं, असं नाही म्हणाला यावेळी.

रोखठोक दादा, उरलेले पैसे मागितले. गुरुजींनी पाच मिनिटांत जीपेवर टाकले आणि वर मेसेज, "मला वाटलं तुम्ही रागावलात." आता यावर काय बोलायचं.

काका, तुमच्या पोस्टनंतर काल पहिला फॉर्म मी मोठ्याने वाचला, एकटीनेच, स्वल्पविराम पूर्णविरामासकट. सासूबाई दारात येऊन बघून गेल्या, मग परत आल्या आणि कॉटवर बसल्या. म्हणाल्या "पुढं काय झालं त्या माणसाचं?" कादंबरी आहे ती.


खिळे_जुळवणारा
संध्याकाळी ७:००

त्यांना कॉपीहोल्डर करा. गंमत नाही, खरेच सांगतो. मूळ प्रत त्यांच्या हातात द्या, वाचतील. चष्मा आहे ना?

आणि मलाही दुपारी चारनंतर काही उद्योग नसतो. आठवड्यातून दोन दिवस फोनवर तासभर बसू शकतो, तुम्ही वाचा, मी प्रूफ धरतो. लेखक आणि प्रकाशक यांना विचारून घ्या आधी, दुसऱ्याचे हस्तलिखित आहे. पैसे नकोत. पोराने घेऊन दिलेला टॅब नुसता पडून आहे.


काना_मात्रा
संध्याकाळी ७:१५

काका नुसतं काय म्हणता, पैसे मी देणार, पानाला ५ तरी. प्रकाशकांना विचारलंय, ते हो म्हणाले, त्यांना काही फरक पडत नाही म्हणाले. तुमच्या इथल्या मेसेजबॉक्समध्ये पहिला फॉर्म पाठवलाय, दोन दिवस वाचून एकदम स्वच्छ केलाय, नमुना म्हणून बघा फक्त.


मिरजेचा_डीटीपीवाला
संध्याकाळी ७:२०

काका, कव्हरचा कणा पण वाचा म्हणजे झालं.


खिळे_जुळवणारा
रात्री ८:४५

मिळाला. पान ११, खालून चौथी ओळ, सहस्त्र. त ला रजा द्या. बाकी उद्या चारला फोनवर, इथे सगळ्यांसमोर नको.


काना_मात्रा
रात्री ८:५०

अहो दोन दिवस वाचला होता तो फॉर्म!! हसून हसून पोट दुखलं, सासूबाई विचारतायत काय झालं.